मधूदादाची चौदावी बैठक

तमाम मराठी बांधवांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येतं, की उभ्या आयुष्यात दारूचा थेंबही न चाखलेला, ओंटारिओतला बहुधा एकमेव पब-इतिहासकार आता आपल्यात नाही. वहिनींचा फोन आला तेव्हा मी ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसत होतो. "गेले हो हे..." एवढंच त्या म्हणाल्या. मी फोन खिशात टाकला आणि शेजाऱ्याचाही ड्राइव्हवे साफ करून टाकला. महिना झाला, माझं बूड अजून कुठे टेकत नाही.

मधूदादा मूळचा नागपूरचा. इथल्याच वॉटर्लू शहरात नोकरी संपवून आमच्या या बाजारगावात राहायला आला. शनिवारच्या बाजाराला इथे अजूनही मोटार न वापरणाऱ्या जुन्या पंथाच्या शेतकऱ्यांच्या घोडागाड्या येतात. त्या बघून त्याला प्रश्न पडला, की पूर्वी ही माणसं उतरायची कुठे, प्यायची कुठे? जुने नकाशे धुंडाळून त्यानं चौदा पब आणि सराया शोधल्या. नियम एकच : त्या जागी अर्धा तास बसल्याशिवाय वहीत एक ओळही लिहायची नाही, आता तिथे काहीही असो. एका सराईचं लाँड्रोमॅट झालेलं. तिथे हा घरून धुतलेलेच कपडे पुन्हा धूत बसला. चालू पबमध्ये स्वतःला बिनदारूचं जिंजर एल, मला बिअर, आणि मालकाला ठरलेला पहिला प्रश्न, "घोडे कुठे बांधायचे?"

"दादा, निदान मेन्यू तरी बघ!"

"तू पी रे. तुला साक्षीदार म्हणून आणलंय."

चौदाव्या सराईत आता दातांचा दवाखाना आहे. याच्या तोंडात पूर्ण कवळी! तरी पठ्ठ्यानं अपॉइंटमेंट घेतली... आणि तारखेच्या आधीच गेला. वहीतल्या शेवटच्या पानावर नुसता मथळा.

"दवाखान्याचा फोन होता, भाऊजी," वहिनी परवा म्हणाल्या. "रद्द करू? वही मग अशीच राहील."

अर्धा तास, एका जागी, मी? पण अपॉइंटमेंट माझ्या नावावर करून घेतली.

मंगळवारी वही मांडीवर घेऊन त्या खुर्चीत आडवा झालो. पाय वळवळत होते. दोनदा उठायला निघालो, दोनदा डॉक्टरीणबाईंनी खांदा दाबून बसवलं. तिसऱ्यांदा मान वळवली तर खिडकीबाहेर, पार्किंगच्या जुन्या दगडी भिंतीत, कमरेच्या उंचीवर ओळीनं चार गंजलेल्या लोखंडी कड्या. तोंडात आरसा, बाईंचा हात, सगळं बाजूला सारून मी ओरडलो,

"दादा, इथे! घोडे इथे बांधायचे!"