खालची प्रत

यासीन गेल्याचा फोन आला तेव्हा बँकेचं काउंटर नुकतंच उघडलं होतं. फोन त्याच्या मुलीचा, शबानाचा. "काका, अब्बा गेले. दुपारच्या नमाजानंतर नेणार हायत," एवढंच बोलली. पुण्याहून रत्नागिरीला दुपारपर्यंत पोचणं शक्य नव्हतं. आणि आता लपवण्यात काय अर्थ... त्या क्षणी, दुःखाच्याही आधी, मला सुटल्यासारखं वाटलं. कारण त्याच्या शेवटच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं, आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

आम्ही रत्नागिरीत एका बाकावर शिकलो. मी बँकेत लागून बदल्यांच्या मागे कोल्हापूर, पुणे करत राहिलो; तो मिरकरवाड्याच्या बंदरापाशी एका बर्फाच्या कारखान्यात कारकून म्हणून चिकटला तो चिकटलाच. त्याचा एक भाऊ कुवेतला, एक दुबईला. "तू का नाही जात?" असं विचारलं की म्हणे, "बरफ सोडून वाळवंटात कोण जाईल रे?" समुद्रावर निघालेल्या लाँचींना बर्फाच्या लाद्या द्यायच्या आणि प्रत्येक वेळी पावती फाडायची. पांढरी कारखान्याला, गुलाबी लाँच चालवणाऱ्या तांडेलाला, पिवळी हातगाडीवाल्याला. तीन कागद, मध्ये दोन कार्बन. शेवटच्या पिवळ्या कागदावरही अक्षर उठावं म्हणून यासीन बॉलपेन असं दाबायचा की टेबलावरच्या पुठ्ठ्यावरसुद्धा लाद्यांचे आकडे कोरले गेले होते. "लिहितोस की नांगरतोस?" मी चिडवायचो. पत्र लिहितानाही हात तोच. त्याचं पत्र उलटं धरून मागून बोट फिरवलं तरी ओळी हाताला लागायच्या.

आणि पत्राखालीही तो कार्बन घालायचा. मित्राला लिहिलेल्या पत्राची नक्कल ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. कारण विचारलं तर गंभीरपणे सांगायचा, "एकच गोष्ट दोनदा सांगितली म्हंजे माणूस म्हातारा झाला समजायचं. मी आधी फायल बघतो, मग लिवतो." माझं उत्तर आलं की त्या नकलेच्या कोपऱ्यात पेन्सिलीने नोंद व्हायची: 'उत्तर आले. चार पाने.' एकदा एका जुन्या बोलण्यावरून आम्ही भांडलो, तर पठ्ठ्याने नक्कल काढून माझ्यासमोर ठेवली. मी हरलो. चहा मात्र त्यानेच पाजला.

अठ्ठ्याण्णवच्या गणपतीत घरी आलो तेव्हा त्याच्यासाठी कोल्हापुरातून एक रोलर पेन आणलं होतं. त्या वेळी ती नवीन होती, बॉलपेनासारखं टोक आणि आत पातळ शाई. कारखान्याच्या टेबलाशी बसून त्याने टोपण काढलं, टोक उजेडात धरून पाहिलं. कागदाच्या माथ्यावर आपण जिथे श्री काढतो तिथे त्याने ७८६ लिहिलं, मग आपलं नाव. नेहमीसारखं दाबल्यावर 'न'पाशी शाईचं डबकं झालं.

"अरे, ही तर सुटलीच!"

"हलक्या हाताने. ह्याला दाबायचं नसतं."

त्याने पुन्हा लिहिलं. अक्षर सरसर पुढे गेलं, इतकं देखणं की तोच थबकला. मग जरा अवघडून म्हणाला, "हलकं लिवलं म्हंजे खोटं लिवल्यासारखं वाटतं रे."

तेवढ्यात एक तांडेल पावतीला आला. यासीनने नव्या पेनाने पावती केली. पांढरी सुरेख, गुलाबी आणि पिवळी कोरी करकरीत. तांडेल गुलाबी कागद उलटासुलटा करत म्हणाला, "यासीनभाई, ह्या कोऱ्या कागदावर बरफ पन कोराच मिळनार काय?" आम्ही तिघेही पोट धरून हसलो. हसता हसता मीच म्हणालो, "पावत्यांना राहू दे तुझा नांगर. रोजच्या लिहिण्याला हे घे. मला पत्रं ह्यानेच लिही, म्हणजे वाचता तरी येतील." ...हे मी म्हणालो. त्याने मागितलं नव्हतं.

पुढची सगळी पत्रं त्या पेनातून आली. आरे-वारेच्या वाटेवर सायकल कशी पंक्चर झाली, कुठली लाँच रिकामी परतली, शबाना कॉलेजात पहिली आली. पत्रं मोठी होत गेली आणि माझी उत्तरं आखूड. मग मी उत्तराऐवजी फोन करायला लागलो. "पत्र मिळालं रे. सविस्तर मागाहून लिहितो." फोनवर त्याला बोलता यायचं नाही, त्याला समोर कागद लागायचा. "बरं, बरं," म्हणायचा आणि तब्येत विचारायचा.

शेवटचं पत्र तीन पानी होतं. बँकेतच उघडलं. 'शबानाबद्दल तुला एक विचारायचे आहे' इथवर वाचलं आणि काउंटरवर गिऱ्हाईक आलं. घरी जाऊन नीट वाचू म्हणून खिशात ठेवलं, आणि घरी ते कागदांच्या पिशवीत पडलं. त्याच आठवड्यात पुण्याच्या बदलीची बांधाबांध. बायकोने विचारलं, "ह्या पिशवीतल्या कागदांतलं काही ठेवायचंय?" मी मान वर न करता नाही म्हणालो. त्या पिशवीत त्याची सगळीच पत्रं होती. ध्यानात आलं तेव्हा रद्दीवाला कधीच गेला होता. मी मनाची समजूत घातली, यासीनकडे नकला आहेतच. जाईन तेव्हा वाचेन. यासीनला फोन मात्र केला. "सविस्तर लिहितो हं," म्हणालो. यासीन गेला त्याला आता दोन महिने झाले.

त्याच्या चाळिसाव्या दिवशी गेलो. रत्नागिरीच्या अलीकडे पालीला एसटी थांबली की मी बूथवरून त्याला 'आलोच' म्हणून कळवायचो. या वेळीही सवयीने उतरलो आणि नुसताच उभा राहिलो. घरी माणसं पांगल्यावर मी नकलांची फाईल मागितली. त्याच्या बायकोने, नसीमभाभींनी आणून दिली. सुरुवातीची पत्रं निळी, ठसठशीत. मग एका पानानंतर कागद कोरे. एकामागून एक, कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख घालून क्रमाने लावलेले, आणि बाकी नुसते कोरे. मी एक कागद खिडकीशी तिरका धरला. काहीही उठलं नव्हतं.

"मी बोलली त्यांना," भाभी म्हणाल्या, "ह्या पेनानं खाली काय उठत नाय, तुमचं जुनं पेन घ्या. तर बोलले, सुध्यानं दिलंय. आनी खाली नाय उठलं तर नाय, असली पत्र त्याच्याकडं हाय ना! तिथं गेलं म्हंजे ऱ्हायलं."

शबाना दाराशी उभी होती. "काका, शेवटच्या पत्रात अब्बांनी माझ्याबद्दल कायतरी लिवलेलं. आमाला नाय बोलले. मला वाचायचाय."

"शोधून पाठवतो," मी म्हणालो.

त्या दिवशी खरं बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितो. शबाना, ती पत्रं माझ्याकडे नाहीत. मी ती रद्दीत घातली. तुझ्या वडिलांनी काय विचारलं होतं ते मला माहीत नाही, आणि आता कधीच कळणार नाही. मला माफ कर, असं म्हणायलाही तोंड नाही.

हे सगळं साध्या बॉलपेनाने, खाली कार्बन घालून, दाबून लिहिलं आहे. बोट दुखतंय. वरचा कागद छापायला जाईल, खालची प्रत शबानाला पाठवतो आहे. त्याच्या फाईलमध्ये सगळ्यात शेवटचा जो कोरा कागद आहे, त्यावर तिने ही लावावी. त्या कागदाच्या कोपऱ्यात यासीनच्या हातची पेन्सिलीची नोंद आहे: 'फोन आला. सविस्तर लिहितो म्हणाला.'