आता मी मलाच विनंती करते

काय सांगू तुम्हाला, माणसाने किती बोलावं याला काही मर्यादा असते, आणि ती मर्यादा कळायला मला पार इंग्लंडला जावं लागलं! चहा घ्या आधी. मी बोलायला लागले की लोकांचे चहा गार होतात, हा माझा लौकिकच आहे.

तर मी शुभांगी, मुक्काम पोस्ट काष्टी. शिक्षणाने बी.एस्सी. ॲग्री, पण पंचक्रोशी मला ओळखते ती निवेदिका म्हणून. शाळेचं गॅदरिंग असो, पतसंस्थेची नवी शाखा असो, कुणाचा सेवापूर्ती सोहळा असो, माईक माझ्या हातात. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागत, सत्कार, प्रास्ताविक, मनोगत, आभार... झोपेतून उठवून विचारा, क्रम चुकायचा नाही.

फक्त एकदा चूक झाली. एका उद्घाटनात उपसरपंचांचं नाव घ्यायचं राहिलं. बाई गं! ते उठले, चपला घातल्या आणि न जेवता निघून गेले. त्यांच्यामागे सगळी भावकी उठली. बुंदीची पातेली तशीच उरली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या गोठ्यातलं दूध आमच्या आप्पांच्या डेअरीवर यायचं बंद झालं. आप्पा म्हणजे माझे वडील, गावातलं दूध गोळा करून पुढे पाठवतात. त्या दिवशी मी कानाला खडा लावला, की जग इकडचं तिकडे झालं तरी कुणाचं नाव राहता कामा नये.

आणि चिठ्ठ्या! तुम्हाला माहितीय ना, आपल्याकडे निवेदन चालू असताना खालून चिठ्ठ्या येतात. ‘अमुक साहेब आलेत, नाव घ्या.’ चिठ्ठी आली की घ्यायची आणि वाचायची. त्यात विचार करायचा नसतो.

हे दोन्ही लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल. मला नाही पडलं, तुम्हाला पडेल.

इंग्लंडातल्या एका विद्यापीठात मला दूधप्रक्रियेच्या एम.एस्सी.ला जागा मिळाली, पण अट घालून. बोलण्याच्या इंग्रजीत मी जरा कमी पडले होते. (मी! बोलण्यात! आई अजून विश्वास ठेवत नाही.) आधी त्यांचा इंग्रजीचा पक्का रगडा कोर्स करायचा, शेवटी एक भाषण द्यायचं, त्यात पास झालं तर प्रवेश, नाहीतर परतीचं विमान.

ही अट घरी नीट समजावून सांगेपर्यंत आप्पांनी बाजाराच्या चौकात फ्लेक्स लावला होता. विमान, विमानाएवढीच मोठी मी, आणि खाली शुभेच्छुकांची रांग. नापास होऊन आले असते तर मला त्याच फ्लेक्सखालून घरी जावं लागलं असतं.

आता तो वर्ग. अहो, काय वर्ग होता! आम्ही दहा-बाराजण, सगळे वेगवेगळ्या देशांतले, कुणाची भाषा कुणाला कळत नाही. शिकवणाऱ्या हेलनबाई, साठीच्या, काटक, त्यांना आमच्यापैकी कुणाचीच भाषा येत नाही. मी म्हटलं, ही बाई शिकवणार कशी? तर त्यांनी पहिल्या दिवशी पिशवीतून एक बटाटा काढला आणि टेबलावर ठेवला. बस्स! कुणी सोलून दाखवतंय, कुणी भाजून, कुणी किमतीवरून घासाघीस करतंय. सकाळची दुपार झाली आणि आम्ही सगळे इंग्रजी बोलत होतो! मी तर तोंडात बोट घालून बघत राहिले.

सकाळी नऊ ते संध्याकाळपर्यंत नुसतं इंग्रजी. डब्याच्या सुट्टीतही दुसरी भाषा नाही. तिसऱ्या आठवड्यात ब्राझीलची लुसियाना आणि तुर्कस्तानचा मेहमेत यांचं भात कसा शिजवावा यावरून असं कडाक्याचं भांडण झालं की काय सांगू! विमानतळावर ज्यांना पाणी मागता येत नव्हतं, ती माणसं एकमेकांचा स्वयंपाक काढत होती, तोही इंग्रजीत. मी हे फोनवर आप्पांना सांगितलं.

“भांडाया लागली? मंग शिकली की!” आप्पा म्हणाले. “आन बाई तशीच हुबी?”

“टाळ्या वाजवत होत्या, आप्पा!”

“लई मोठी बाई हाय मंग ती,” आप्पा म्हणाले.

फक्त एकजण भांडत नव्हता. दानियार. कझाकस्तानचा, तालमीतल्या पैलवानासारखा आडवातिडवा गडी, घोड्यांच्या गावचा. त्याला जनावरांचा डॉक्टर व्हायचं होतं. दिवसभरात चार शब्द बोलायचा, त्यातले दोन ‘गुड मॉर्निंग’. मला त्याची फार कीव यायची. म्हटलं, हा बिचारा काही पास होत नाही.

मग हेलनबाईंनी जाहीर केलं की शेवटच्या परीक्षेत प्रत्येकाने जास्तीत जास्त दहा मिनिटं बोलायचं. दोन परीक्षक येतील, त्यातले एक खुद्द विभागप्रमुख. “सुरुवात छान करा,” बाई म्हणाल्या, “ऐकणाऱ्यांचं स्वागत करा, त्यांना आपलंसं करा.”

संपलं! हे मला शिकवता? मी लगेच घरी फोन लावला.

“आप्पा, विभागप्रमुख येणारेत!”

“म्हंजी मोठं सायेबच! मंग फेटा बांध त्यांला. शाली हायत ना?”

मागून आई ओरडली, “खालच्या कप्प्यात दोन शाली हायत! येक तुला थंडीला ठिवलीय, तीबी दे!”

“अगं आई, इथं थंडी...”

“थंडीचं काय घिऊन बसली? गावाचं नाव जाया नको!”

परीक्षेचा दिवस उजाडला. मी काठापदराची साडी नेसले. विषय होता आमच्या गावचं दूध, आणि तो मला तोंडपाठ होता. परीक्षक मागच्या बाकावर बसले होते, पांढऱ्या दाढीचे विभागप्रमुख आणि चष्मेवाल्या एक बाई. प्रमुख पाहुणे मागच्या बाकावर? मला बघवेना. मी दोघांना हाताला धरून पुढे आणलं आणि फळ्याजवळच्या खुर्च्यांवर बसवलं. हेलनबाईंनी घड्याळ सुरू केलं. स्वयंपाकघरातलं असतं ना, टिकटिक करणारं, ते.

(सगळं इंग्रजीत चाललंय बरं का. तुमच्यासाठी मराठीत सांगतेय.)

“विचारमंचावर विराजमान असलेले आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष...” आणि आली का पंचाईत! त्यांचं नावच मला माहीत नव्हतं. “सर, आपलं पूर्ण नाव, हुद्दा आणि थोडक्यात परिचय?” त्यांनी गोंधळून हेलनबाईंकडे पाहिलं आणि सांगितला बिचाऱ्यांनी. मी तो नीट खुलवून पुन्हा सगळ्यांना सांगितला. मग फेटा. त्यांचं डोकं जरा मोठं, त्यामुळे वेळ लागला. मग चष्मेवाल्या बाईंना शाल-श्रीफळ. नारळ मांडीवर धरून त्या अशा बसल्या की जणू तो आत्ता फुटेल. मग दीपप्रज्वलन. तिथं वर्गात काडी ओढायला बंदी, म्हणून बॅटरीवरची मेणबत्ती. ती विभागप्रमुखांच्या हस्ते चालू केली. टाळ्या!

मग उपस्थितांचं स्वागत. एकेकाचं नाव, देश, आणि प्रत्येकावर दोन ओळी यमक जुळवून. लुसियाना तर उभी राहून नाचली. काय रंग चढला होता म्हणून सांगू!

तेवढ्यात हेलनबाईंनी चिठ्ठी सरकवली.

हात आपोआप पुढे गेला. चिठ्ठी घेतली आणि माईक नसताना माईकवरच्या आवाजात म्हणाले, “आत्ताच एक चिठ्ठी आलेली आहे! ‘दोन मिनिटं उरली आहेत!’ या सूचनेबद्दल आपल्या सर्वांच्या लाडक्या हेलनबाईंचं जोरदार टाळ्यांनी स्वागत करूया!”

वर्गाने टाळ्या वाजवल्या. फेट्यातले विभागप्रमुखही वाजवायला लागले. हेलनबाईंनी डोळे मिटून घेतले.

आणि मग मुख्य कार्यक्रम. आता तुम्हीच सांगा, वक्त्याची ओळख करून दिल्याशिवाय वक्ता बोलायला उभा राहतो का कधी? मी म्हणाले, “काष्टी गावच्या सुकन्या, कृषी पदवीधर, उत्कृष्ट निवेदिका कुमारी शुभांगी या आज आपल्याला लाभल्या आहेत. तरी आता मी मलाच विनंती करते, की मी येऊन आपले विचार मांडावेत!”

चार पावलं मागे गेले. चार पावलं पुढे आले. नमस्कार केला आणि तोंड उघडलं.

टर्रर्रर्र! घड्याळ वाजलं.

“शुभांगी,” हेलनबाई हळूच म्हणाल्या, “तुझं भाषण?”

“आता सुरू होतंय, मॅडम!”

“नाही गं बाळा. संपलं.”

दूध हा शब्दसुद्धा उच्चारला नव्हता हो मी! डोळ्यांसमोर तो फ्लेक्स आला, विमानासकट.

माझ्यानंतर दानियार उठला. कोट नाही, कागद नाही. तो म्हणाला, “आमच्याकडे हिवाळा मोठा. माझी घोडी आजारी. डॉक्टर दूर. आला. त्याच्याकडे पुस्तक, इंग्रजी. त्याला सगळं वाचता येईना. मी डोकं धरलं.” त्याने दोन्ही हात असे पुढे केले, जणू ते डोकं अजून हातात आहे. “सकाळी, घोडी नाही. मला ते पुस्तक वाचायचं.”

एवढंच बोलून तो बसला.

अहो, इतकी वर्षं मी माईक धरतेय, इतके अध्यक्ष नि इतकी मनोगतं ऐकली, पण असं कधी ऐकलं नव्हतं. शब्द किती, तर आपल्या एका सत्कारमूर्तीच्या नावाला लागतात तेवढे! परीक्षक बाई मांडीवरचा नारळ सांभाळत डोळे पुसत होत्या. आणि मी ह्याची कीव करत होते. तो पास झाला आणि मी सपशेल नापास.

पण हेलनबाई देवमाणूस. त्यांनी भांडून मला सोमवारी आणखी एक संधी मिळवून दिली. अट एकच, शाल नाही, नारळ नाही, यमक नाही.

शनिवार-रविवार दानियारने माझी तालीम घेतली. मी उभी राहायचे, तो समोर मांडी ठोकून बसायचा.

“सन्माननीय अध्यक्ष...” मी सुरू करायचे.

तो पंजा वर करायचा. “नो. काऊ.”

“अरे, निदान उपस्थितांना तरी...”

“नो. काऊ.”

“बरं, माझी थोडक्यात ओळख...”

“शुभांगी! काऊ!”

म्हणजे काय, तर बाई, सरळ गाईवर ये. मला ते जमेना हो! नुसतं उभं राहून गाईचं बोलायचं म्हणजे न सांगता कुणाच्या घरात शिरल्यासारखं वाटायचं. रविवारी संध्याकाळी कधीतरी मी पहिल्या वाक्यात गाईपाशी पोहोचले. दानियारने उचलून मला टेबलावर ठेवलं.

सोमवारी मी उभी राहिले आणि म्हणाले, “आमच्या गाईचं नाव चंद्री.” मग सांगितलं, की उन्हाळ्यात लाईट गेली, टेम्पो आला नाही आणि दुपारपर्यंत अख्ख्या गावाचं दूध नासलं. आप्पांनी एकेक कॅन हुंगून ओढ्यात ओतला. पहाटे उठून धार काढलेल्या बायका काठावर उभ्या होत्या. “ते दूध पुन्हा ओतावं लागू नये, एवढंच मला शिकायचंय.” आणि बसले. घड्याळ अजून टिकटिकत होतं.

पास! मी आप्पांना फोन केला, तर ते रडतच सुटले. मग नाक पुसून म्हणाले, “फेटा कुणाला बांधला?”

“कुणालाच नाही, आप्पा.”

“आन तरीबी पास केलं? लई दिलदार मानसं हायत!”

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रांचा कार्यक्रम होता. विभागप्रमुख आले, आणि बघते तर काय, डोक्यावर फेटा! स्वतः बांधलेला, कानावर घसरलेला. मला म्हणाले, “आज मात्र तुमच्या पद्धतीनं होऊ द्या.”

मला तर स्वर्ग दोन बोटं उरला! मी माईक घेतला. खरा माईक! अध्यक्ष, परीक्षक, वर्गातले सगळे, ऑफिसातल्या बाई, दार उघडणारे काका, सँडविच देणारी मुलगी, एकूण एक नाव, हुद्द्यासकट. फुलवून फुलवून शेवटचे आभार मानले आणि जेवायला चला म्हणणार, एवढ्यात दानियारने चिठ्ठी पाठवली.

हात पुढे गेला. “आत्ताच एक चिठ्ठी आलेली आहे!” मी दणक्यात म्हणाले आणि उघडली.

चिठ्ठीत एकच शब्द होता. ‘हेलन.’

मान वर करून पाहिलं. बाई दाराशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांना खुर्ची उरली नव्हती आणि मी नावं घेतली ती खुर्च्यांच्या क्रमाने. त्यांच्या हातात ते घड्याळ होतं, आणि त्या खुदुखुदु हसत होत्या.

मी तिथंच माईक ठेवला आणि धावत जाऊन त्यांच्या पाया पडले. तोंडातून एक शब्द फुटेल तर शपथ! माझं त्या कोर्समधलं सगळ्यात चांगलं भाषण तेच, असं दानियार अजून म्हणतो.

आणि बाई न जेवता गेल्या नाहीत, एवढं माझं नशीब. मी मात्र त्यांनी जेवून हात धुवेपर्यंत दारात त्यांच्या पायातल्या चपलांवर लक्ष ठेवून उभी होते.