जित्या माशांची शेवंता

माझगावच्या कोळीवाड्यातली शेवंता मासा ओळखायची ती अंगठ्याच्या नखानं. नखानं कल्ला उचलायचा, आत पाहायचं, की सांगून मोकळी: हा आज पहाटेचा, हा कालचा, आणि हा बाय, मांजरीला घाल. एकदा गिरगावातल्या एका वकिलानं हलवा मासा शिळा म्हणून हुज्जत घातली. शेवंता म्हणाली, "खाऊन बघा, पोट दुखलं तर उद्या माझ्या झिंज्या धरा." वकील जेवले, ढाराढूर झोपले, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः दारात उभे राहून हलवाच मागू लागले. तर अशी ही शेवंता. पण जन्मभर तिनं मेलेलेच मासे पाहिले. जिता मासा जगवायला तिला कुणी कधी बोलावलं नव्हतं.

ते बोलावणं आलं ठाकुरद्वारच्या मीराबाईंच्या घरून. प्लेगाच्या आधीची तीनचार वर्षं असतील. मीराबाईंचा मुलगा हेमचंद्र कोटातल्या कचेरीत कारकून. त्याचा साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्यानं काचेचं एक मोठं गोल भांडं हेमचंद्राला दिलं, आत सात सोनेरी मासे. आळी बघायला लोटली होती. वर्षभर मासे कसे झक्क राहिले. मग वैशाखात हेमचंद्राचं लग्न झालं, केळव्याहून नलू सून होऊन आली, सासूनं मासे तिच्या हवाली केले, आणि मासे मरायला लागले. एक, दोन, चार.

शेवंता मागच्या पडवीत टोपली उतरवायची, तिथंच खिडकीशी ते भांडं असे. मीराबाई सुनेदेखत म्हणाल्या, "तू बघ गं जरा. मी तर ठरवलंय, शेवटचा मासा गेला की हिला केळव्याला पोचवायची. असली पावलं घरात नकोत मला."

नलू चौदा वर्षांची. खाली मान घालून भांड्यातल्या तीन माशांकडे बघत राहिली.

"बाईसाब, मी मेलेल्यांची वैदीण," शेवंता म्हणाली. "जित्यांचं मना काय ठावं?" पण पोरीचा चेहरा पाहून ती भांड्याशी बसली. "खायला काय घालतेस गो?"

"भाताची शितं. पुरीचा चुरा."

"जावई हायत काय तुझे? तीन दिवस उपाशी ठेव. आणि भांडं उन्हातून हलव."

नलूनं दोन्ही केलं. चौथ्या दिवशी शेवंता आली, तर पोरीनं केळीच्या पानावर एक मेलेला मासा जपून ठेवलेला.

शेवंतानं सवयीनं कल्ला उचलला आणि पुन्हा वाकून पाहिला. ताज्या माशाचा कल्ला लालभडक असतो. हा फिका, वर बुळबुळीत चिकट थर. "पोटाचं दुखणं नाय हे," ती म्हणाली. "दम कोंडून मेलाय. खोट पाण्यात हाय."

हेमचंद्र कचेरीला निघाला होता, तो पगडी सावरत थांबला. "मी म्हणत नव्हतो? हे नळाचं पाणी!"

"दादा, गेल्या साली कुठलं घालीत होता?"

"नळाचंच."

"मग तेव्हा का नाय मेले?"

"तेच तर मी म्हणते!" मीराबाई आतून कडाडल्या. "नळ तोच, भांडं तेच, खिडकी तीच. नवीन काय आलं घरात?"

शेवंताच्या जिवाला लागलं. हिशेब तिनं मांडला आणि उत्तर पोरीच्या माथी आलं.

दुसऱ्या दिवशी भरती लवकरची, म्हणून ती उजाडताच ठाकुरद्वारला आली. पडवीत नलू माशांचं पाणी बदलत होती. जवळ एक तांब्याचा हंडा, चिंचेनं घासून असा लखलखीत की त्यात तोंड दिसावं.

"ह्यो कुणाचा गो?"

"माझा. बाबांनी लग्नात दिला. इथं आधी नळाचं पाणी माठात भरून घालायचे माशांना. मी रात्रभर यात भरून ठेवते, रोज ताजं घालते. देवांनासुद्धा तांब्याचंच पाणी लागतं ना?"

शेवंतानं हात पुढे केला आणि सोवळ्याच्या विचारानं मागे घेतला. तिला आठवला तिचा नवरा महादेव. होडी फुटल्यावर तो गोदीत गलबतांचे तळ खरवडायला जायचा, संध्याकाळी सोललेली बोटं घेऊन यायचा. म्हणायचा, लाकडी तळाला कालवं न् शेवाळ वीतवीतभर. पण ज्याला तांब्याचा पत्रा ठोकलाय ना शेवंते, तो तळहातासारखा साफ. तांब्याला दर्यातलं काय बी बिलगत नाय, बिलगलं तर मरतं.

"नलूबाय," ती हळूच म्हणाली, "आजपासून माठातलं घाल. माशाला तांबं सोसत नाय."

पोरीला उमगायला क्षण लागला. मग तिनं हंडा दूर सारला. "म्हणजे मीच मारले."

"गप. तू त्यांना देवाचं पाणी पाजलंस. त्यांना पचलं नाय, त्याला तू काय करशील?"

"कुणाला काय पचलं नाही?" मीराबाई दारात उभ्या. त्यांची नजर माठावर गेली, मग हंड्यावर थांबली. "म्हणजे हिच्या माहेरच्या हंड्यानं..."

शेवंता कंबर धरून उठली. गिऱ्हाईक तुटलं तर तुटलं. "हंड्यानं, व्हय. पावलानं नाय. बाईसाब, चार महिने ही पोर अंधारात उठून हंडा घासते, तो माशांसाठी. तुमच्या पिण्याचं पाणी तरी कुणी इतकं जपलंय? हिला केळव्याला पोचवाल, तर तुमच्या म्हातारपणी पाणी कोण देईल, मी?"

मीराबाईंनी सुनेच्या चिंचेनं फाटलेल्या बोटांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"सरंगा आहे का गं आज?" त्या शेवंताला म्हणाल्या. आणि मग, दुसरीकडेच बघत, "नलू, बोटांना खोबरेल लाव. हंडा मी घासते. देवघरात ठेवू."

उरलेले दोन मासे आठवडाभर वर तोंड काढून धापा टाकत होते. नलू रोज माठातलं थोडंथोडं पाणी घाली. नवव्या दिवशी एकानं शितासाठी उसळी मारली, ती ऐकून मीराबाई जपमाळ टाकून धावत आल्या म्हणे.

पुढल्या वर्षी नलू केळव्याला गेली, पण पहिलटकरीण म्हणून, ओटी भरून. निघताना सासूला माठाचं पुन्हा बजावलं. हंडा सोबत नेऊ का, असं तिनं विचारलं, तर मीराबाई म्हणाल्या, "कशाला? परत यायचंच आहे ना तुला?"

शेवंता त्या घरी जन्मभर जात राहिली. फक्त त्या एका पडवीत शिरताना ती टोपलीवर फडकं ओढून घ्यायची. मीराबाई हसायच्या, "हे काय नवीन?"

"बघतायत ना ती दोघं," शेवंता भांड्याकडे मान करून म्हणायची. "त्यांना कशाला दाखवायचं?"