अक्कांना खुर्ची द्या

जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, "यांना कशात तरी गुंतवून ठेवा, नाहीतर आहे तेही जाईल." कशात, ते सांगायला त्यांना वेळ नव्हता, बाहेर रांग लागलेली. माझ्या बायकोला स्मृतिभ्रंश जडून तेव्हा तीन वर्षं होत आली होती. दिवसभर पदराचं टोक चोळत बसायची. ते बघून माझं डोकं फिरायचं.

पुण्याच्या मुलीने तुकडे जुळवून चित्र करायचा खेळ पाठवला. चित्र कसलं, तर बर्फाच्या डोंगराचं! धुळ्याकडच्या खेड्यात वाढलेल्या बाईने बर्फ कुठला जुळवायचा? तिने सगळे तुकडे डाळीच्या डब्यात भरून टाकले. मग एजन्सीची बाई ठेवली. ती टीव्ही लावून मोबाइलमध्ये डोकं घालायची आणि संध्याकाळी मला कौतुकाने सांगायची, "काकू एकदम शांत होत्या." अहो, भिंतही शांतच असते! चौथ्या दिवशी तिला घालवून दिली.

हायवेला नशिराबादजवळ अशा माणसांना दिवसभर सांभाळणारं एक केंद्र आहे असं कळलं म्हणून तेही बघून आलो. म्हातारी माणसं टीव्हीसमोर ओळीने बसवलेली. "ही दिवसभर करतात काय?" मी विचारलं. "कुणाचा काही त्रास नाही," तिथला माणूस म्हणाला. मी विचारतो काय, हा सांगतो काय! नशिराबादपासून घरापर्यंत मी रिक्षात एकटाच बडबडत आलो.

एप्रिलमध्ये समोरच्या घरी उडदाचे पापड होते. आमच्या गल्लीत एकीचे पापड म्हणजे सगळ्यांचे. जिने तिने आपलं पोळपाट-लाटणं घेऊन जायचं. एके काळी हिला सवड नसली तर बायका दिवस बदलून घ्यायच्या. आता दोन वर्षं कुणी बोलावलं नव्हतं. मी तिचा हात धरला आणि सरळ घेऊन गेलो.

सगळ्या उठल्या. "या अक्का, या! अगं, खुर्ची द्या त्यांना." पंखा तिच्याकडे वळवला, चहा दिला. ही खुर्चीत बसून दुसऱ्यांचे हात बघत राहिली. मांडीवर तिची बोटं आपोआप हलायला लागली. माझा पारा चढला.

"पाहुणी म्हणून नाही आणलं तिला! लाटायला द्या. दोन वर्षांत एकीलाही वाटलं नाही हिला बोलवावं?"

घरची बाई हळूच म्हणाली, "भाऊ, तुम्हीच नाही म्हणाले होते. गॅस उघडा राहिला ना तेव्हा. गल्लीभर सांगितलं तुम्ही, हिच्या हातात काही देऊ नका म्हणून."

खरं होतं. तिचं लाटणंसुद्धा मीच माळ्यावर टाकलं होतं. घाबरलो होतो हो मी! आणि त्यानंतर डॉक्टर, मुलगी, ती एजन्सीची बाई, सगळ्यांच्या नावाने खडे फोडत हिंडत होतो. मान वर करवेना.

तेवढ्यात ही खुर्चीवरून उतरली, शेजारणीचं पोळपाट ओढलं आणि लाटायला बसली. पहिला पापड जाड, वाकडा. दुसराही तसाच. एकीने तो पुन्हा लाटायला उचलला, तर हिने तिच्या हातावर फटका मारला.

दुपारी मी तिला जेवायला न्यायला गेलो. तिने वरसुद्धा बघितलं नाही.

"माले काम शे," माहेरच्या बोलीत म्हणाली. "तुम्ही जेवी ल्या."