दुफिएच्या जिभेची आग

घानातल्या तेचिमान गावच्या टोमॅटोबाजारात भांडण झालं की ते दुफिएपुढे यायचं. बायकांनीच तिला बाजाराची राणी निवडलं होतं. सगळ्या तिला 'एना', म्हणजे आई, म्हणत आणि तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बाई तोंडाची फटकळ, पण न्यायाला चोख.

पाळी जाऊन दोनेक वर्षं झाली आणि तिची जीभ जळायला लागली. सकाळी बरं असायचं. दुपारपासून उकळत्या सुपानं पोळल्यासारखी आग. आरशात पाहावं तर ना फोड, ना व्रण. नेमकं त्याच सुमारास तिनं एका भांडणाचा निवाडा करताना टोमॅटोवाल्या बिरागोची बसायची जागा दुसरीला दिली होती. बिरागोला आयतंच कोलीत मिळालं.

"खोटा न्याय केला की जीभ जळते म्हणे," ती दुफिएला ऐकू जाईल अशा बेतानं शेजारणीला सांगायची.

दुफिएनं ते हसण्यावारी नेलं, पण मनात पाल चुकचुकलीच. खरंच आपलं चुकलं असेल तर? ती न्यायाला बसेनाशी झाली. घरात बर्फ चोखत गप्प राहायची, आणि बाजारात बायका एकमेकींच्या पेट्या लाथाडू लागल्या.

शेवटी लेकीनं तिला दवाखान्यात ओढून नेलं. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, तोंडात बुरशी आहे का पाहिलं. सगळं ठीक होतं.

"एना, पाळी गेल्यावर काही बायकांना होतं असं. जिभेच्या नसा उगाच बोंबलतात."

"मी खोटं बोलले म्हणून नाही ना?"

"तसं असतं तर माझ्या दारात पुरुषांची रांग लागली असती."

दुफिए कितीतरी दिवसांनी हसली.

"ही गोळी जिभेवर विरघळू द्यायची आणि थुंकून टाकायची, गिळायची नाही. आग उतरेल. पुरती जाईल असं मात्र वचन देत नाही."

काही आठवड्यांनी आग निम्म्यावर आली, आणि दुफिए पुन्हा आपल्या बैठकीवर येऊन बसली. बिरागो टपलेलीच होती.

"काय एना, झाली का जीभ थंड?"

बायकांनी कान टवकारले. 'झाली' म्हटलं असतं तर विषय तिथंच मिटला असता.

"नाही गं, जळते अजून," दुफिए म्हणाली. "न्याय करत होते तेव्हा जळत होती, घरात तोंड मिटून बसले तेव्हाही तेवढीच जळत होती. तुझी जागा तुला मिळायची नाही. बस खाली, पुढचीला बोलू दे."