मायले दाखव

सकाळी आठला भावाचा फोन आला तेव्हा मी मुलीचा डबा भरत होते. "ताई, मायची तब्येत बिघडली. चिखलीले दवाखान्यात नेलं. तू निघ." मी विचारलं, बोलते का? तो म्हणाला, "बोलते ना. तुलेच विचारून राह्यली. ये तू फक्त."

मी वीस वर्षं मुंबईत आहे. माहेर चिखलीच्या पुढं, उंद्रीजवळ, भाऊ तिथं वांगी-टमाटे पिकवतो आणि माय त्याच्याजवळ असायची. मी म्हटलं रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघते. तर नवरा म्हणाला, नाही, विमानानं जा, तिकीट काढलंय. हा माणूस रिक्षात बसायच्या आधी दोनदा विचार करतो. आजारी सासूला बघायला बायकोला विमानानं पाठवतोय म्हटल्यावर मला तिथंच उमजायला हवं होतं. पण माझी अक्कल त्या दिवशी कुठं चरायला गेली होती कोण जाणे. "मुलीची परीक्षा आहे, मी उद्या येतो," म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता बॅगेची चेन लावत बसला.

मला मायला एकच गोष्ट सांगायची होती. दिवाळीत निघताना तिनं माझ्यासाठी पिशवी भरली होती. ठेचा, तुरीची डाळ, वांगी, आणि कशाकशाच्या पुरचुंड्या. मी आधीच कशावरून तरी चिडलेली. म्हटलं, "ट्रॅव्हल्समध्ये वास मारते हे सगळं, लोक नाकाला रुमाल लावतात. तुला काही समजते का?" आणि पिशवी ओसरीवर तशीच ठेवून गाडीत बसले. ती काही बोलली नाही. बोलली असती, दोन शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. त्यानंतर फोनवर आम्ही हवापाण्याचं बोलायचो, पिशवीचं नाही. मला समोर बसून, तिचा हात धरून सांगायचं होतं की माय, मी मूर्ख आहे. एवढंच.

विमान दुपारचं होतं आणि त्यात उशिरा सुटणार होतं. काउंटरवरच्या मुलीनं माझं नाव बघितलं, माझ्याकडे बघितलं, उठून आत गेली, आणि परत आली ती वेगळाच पास घेऊन. "मॅडम, तुम्हाला पुढं बसवलंय. बिझनेस क्लासमध्ये." मी का म्हणून विचारलंसुद्धा नाही. फुकट मिळतंय तर विचारायचं कशाला!

आता जे सांगते ते सांगताना अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं. मला आनंद झाला. खरोखरचा आनंद. केवढाली खुर्ची, पाय लांब करून बसले. गरम ओला रुमाल दिला, काचेच्या ग्लासात सरबत दिलं. मागं सगळी माणसं दाटीवाटीनं चढत होती आणि जाताजाता माझ्याकडे बघत होती. मी मोबाईल काढला, ग्लास धरून फोटो काढला आणि भावाला पाठवला. खाली लिहिलं, "बघ, राणीसारखी येतेय. मायले दाखव."

लगेच निळ्या खुणा आल्या. मग बराच वेळ तो काहीतरी लिहितोय असं दिसत राहिलं. शेवटी एकच शब्द आला. "दाखवतो."

विमान वर गेलं, पट्टे बांधायचा दिवा विझला, तशी हवाईसुंदरी माझ्याशेजारी गुडघ्यावर बसली. लहानशी पोर, पुण्याकडचं स्वच्छ मराठी. "मॅडम, तुमच्या आईंचं कळलं. फार वाईट वाटलं. काहीही लागलं तर मला हाक मारा."

मी म्हटलं, "काय कळलं?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिच्या सहकाऱ्यानं मागून तिच्या खांद्याला हात लावला. मला कुणी आणखी काही सांगायची गरज उरली नव्हती.

आमच्याकडे लांबून येणाऱ्याला मेल्याची बातमी सांगत नाहीत. 'सिरीयस आहे, ये,' म्हणतात. रस्त्यात त्याला काही होऊ नये, अन्नपाणी घेत त्यानं घर गाठावं, म्हणून. मीही हे केलंय. काका गेले तेव्हा चुलतभाऊ नागपूरला होता. त्याला मीच फोनवर सांगितलं होतं, सलाईन लावलीय, डोळे उघडलेत, तू ये. आणि घरी आल्यावर त्यानं माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून हंबरडा फोडला होता. माझ्या नवऱ्यालाही सकाळी भावानं बजावलं होतं, ताईले सांगू नका. त्यानं मला सांगितलं नाही. विमानवाल्यांना मात्र सांगितलं, बायको एकटी आहे, तिच्याकडे लक्ष ठेवा. त्यांनी लक्ष ठेवलं. त्यांची काय चूक? अख्ख्या विमानातल्या कर्मचाऱ्यांना माझी माय गेल्याचं माहीत होतं, आणि मी सरबत पीत होते.

मी रडले नाही. त्या पोरीला म्हटलं, जा, मी ठीक आहे. पाऊण तास मी समोरच्या भिंतीकडे बघत बसले. तेवढ्या मोठ्या खुर्चीत मला हातपाय कुठं ठेवावेत ते समजेना.

संभाजीनगरला तोच चुलतभाऊ गाडी घेऊन आला होता. अडीच वाजून गेले होते. त्यानं माझी बॅग घेतली आणि हसायचा प्रयत्न केला. "काऊन गं ताई, एवढं तोंड उतरलं? काकू बरी आहे. सलाईन लावली. डोळे उघडले तिनं."

माझेच शब्द. माझ्या तोंडावर आलं होतं की बाबा रे, बस्स कर, मला समजलंय. पण मी म्हटलं, "हो का? काही खाल्लं का तिनं?"

"हाव. पेज घेतली दोन चमचे."

का केलं मी असं? त्याला वाईट वाटू नये म्हणून, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. खोटं आहे ते. मी बोलले असते तर माय मेली असती. तो बोलत होता तोवर ती चिखलीच्या दवाखान्यात खाटेवर होती, पेज घेत होती, कूस बदलत होती. मी एकेक विचारायची, तो बिचारा एकेक रचून सांगायचा. कोणती साडी नेसलीय? हिरवी. कण्हते का? नाही, झोपून राह्यली. माझं नाव घेतलं का? "लय वेळा घेतलं, ताई. दाराकडेच पाहून राह्यली." जालना मागं पडलं. मी आणखी विचारत होते. इतकं गोड मी मायबद्दल तिच्या हयातीत कधी ऐकलं नव्हतं.

देऊळगावराजाला मी म्हटलं, चहा घेऊ. तो चपापला. "घरीच घेऊ ना." मी म्हटलं, "दवाखान्यात आहे ना ती? बरी आहे ना? मग दहा मिनिटांनी काय होते?" मला ते गाव संपायला नको होतं. चिखली यायला नको होती. तो गाडीतून उतरून बाजूला गेला आणि पाठ करून फोनवर बोलत राहिला. मी चहा घेतला, आणि मग दुसरा घेतला. डिसेंबरातलं ऊन बघताबघता पिवळं पडलं.

चिखलीत गाडी दवाखान्याकडे वळली नाही. का, ते मी विचारलं नाही. अंधारून आलं तेव्हा आम्ही घरी पोचलो. अंगणात बायका बसल्या होत्या. मला बघून त्यांचा एकदम आकांत सुरू झाला, आणि मी त्यांच्यामधून ओसरीवर गेले. ओसरी शेणानं सारवून ओली होती. जिथं तिला ठेवलं होतं तिथं पीठ पसरून दिवा लावला होता. ती नव्हती.

"नेली का?" मी विचारलं. चुलतीनं मला कवेत घेतलं. "हाव, बाई. दिवस बुडून राह्यला होता. तासभर आधी नेली."

मी स्मशानाकडे धावले तर दोघीतिघींनी मला धरून ठेवलं. मी त्यांना काय काय बोलले ते आता सांगण्यासारखं नाही. तोंड दाखवायला कुणाच्या बापाचं काय जात होतं, असंच काहीतरी.

माणसं परत आली. भाऊ ओल्या धोतरानं, उघड्या अंगानं, थंडीनं काकडत दारात उभा राहिला. त्याच्याकडे बघवत नव्हतं. माझ्याहून आठ वर्षांनी लहान. माझ्या पायाशी बसला आणि लहान लेकरासारखं रडत बोलायला लागला.

"सारे म्हणत होते दिवस बुडायच्या आत न्या. मी म्हटलं ताई येऊन राह्यली, थांबा. चार वाजेपासून त्यांच्याशी भांडून राह्यलो. मंग देऊळगाववरून फोन आला, ताई चहा पिऊन राह्यली म्हणून. म्हातारे म्हणाले, तिले तर माहीतच नाही, ती आरामात येईन. आता तुले फोन करून कसं विचारू मी, थांबू का नको म्हणून? तुले तर आम्ही सांगितलंच नव्हतं." त्यानं नाक पुसलं. "तुले माहीत असतं न ताई, आन् तू एक फोन केला असता, नुसतं थांब म्हणाली असती, तर मी कोणाच्या बापाचं ऐकलं नसतं. रातभर ठेवली असती मायले. आमचीच चूक झाली. आम्हीच तुले अंधारात ठेवलं. मले माफ कर."

तो अजून तेच म्हणतो. दर वर्षी श्राद्धाला गेले की पान वाढून झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसतो आणि म्हणतो, माफ कर ताई, तुले सांगाले पाहिजे होतं.

आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवते आणि म्हणते, "जाऊ दे. तुझी काय चूक? मला कुठं माहीत होतं."