कोपऱ्यातलं नाव

शालू, आम्ही धाराशिव सोडलं त्या सकाळी तुमच्या दाराला आतून कडी होती. अब्बांनी तुझ्या आईला दोनदा हाक मारली, "वैनी, निघालो आमी." तिसऱ्यांदा हाक न मारता त्यांनी ट्रंक उचलली. मग मोटरनं येडशी, तिथून छोट्या आगगाडीनं बार्शी आणि पुढं सोलापूर. निजामाच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायानं आमची ट्रंक उपसली. भांडी, गोधड्या आणि अम्मीचं कुराण, एवढंच निघालं. पेपरवाल्याच्या सामानात एक पेपर नाही, म्हणून तो हसला.

आमचं दुकान तुला आठवत असेल. पुढं फळीवर हैदराबादचे उर्दू पेपर आणि मासिकं, मागं आमचं घर. इंग्रजी हद्दीतल्या बार्शीकडून येणारे मराठी पेपर निजामाच्या राज्यात बंद होते. ते गुळाच्या गोणपाटात लपून यायचे आणि फक्त तुझ्या वडिलांसाठी, मास्तरांसाठी, बाजूला राहायचे. अब्बांची नजर अधू झालेली. म्हणून मी पडद्याआड बसून प्रत्येक पेपरच्या कोपऱ्यात गिऱ्हाइकाचं नाव पेन्सिलीनं लिहायची. मराठी अक्षरं मला मास्तरांनीच शिकवली होती. बंदीच्या पेपरवर मात्र काही लिहायचं नाही, असं अब्बांनी शंभरदा बजावलं होतं.

त्या दिवशी भूमहून मला बघायला पाहुणे आले होते. सोळा वर्षांची मी, सगळं चित्त बैठकीतल्या बोलण्याकडं. हात आपला चालत राहिला. मास्तरांचं नाव मी कुठल्या पेपरवर लिहिलं, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

दुपारी दुकानाची झडती झाली. फौजदारानं तो पेपर उचलून विचारलं, "हे कुणी लिवलं?" मी पडदा सारायला उठले, तर अम्मीनं मला घट्ट धरलं. बाहेर अब्बा शांतपणे म्हणाले, "म्या लिवलं, साहेब."

अब्बांना नेलं आणि त्या नावावरून मास्तरांनाही नेलं. अब्बांना चौथ्या दिवशी सोडलं, मास्तरांना सोडलं नाही. मुसलमान म्हणून सुटला, मुद्दाम नाव लिहून मास्तरांना पकडून दिलं, अशी कुजबुज सुरू झाली. दुकानासमोरून लोक मान फिरवून जायला लागले. मी अब्बांचे पाय धरले, "मला सांगू द्या." ते म्हणाले, "पोरीच्या जातीचं नाव चौकीत जाऊ देणार न्हाय म्या. मला काय म्हणायचं ते म्हणू द्या त्यांना."

सोलापुरात अब्बांनी स्टँडसमोर बाकडं टाकलं. तिथं सगळ्या भाषांचे पेपर उघड्यावर, कुणाची भीती नाही. पण त्यांनी पुन्हा एकाही पेपरवर नाव लिहू दिलं नाही. निजामाचं राज्य गेलं, मास्तर सुटले, तेव्हा त्यांचं कार्ड आलं होतं: मनात काही ठेवलेलं नाही, परत या. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. अब्बा म्हणाले, "लई मोठा माणूस. पण कोणत्या तोंडानं जाऊ?" त्यांना खरं सांगायचं नव्हतं आणि खोटं घेऊन मित्रासमोर बसवत नव्हतं. पुढच्याच वर्षी तुरुंगातल्या खोकल्यानं मास्तर गेल्याचं कळलं. त्या दिवशी अब्बा बाकड्यावरच रडले, गिऱ्हाइकांसमोर. नंतर तेही गेले. कुणाला काही सांगणार नाही, या अम्मीला दिलेल्या शपथेला मी बांधलेली. गेल्या महिन्यात अम्मी गेली, आता मला अडवणारं कुणी उरलं नाही.

सोलापूरनं मला नवरा दिला, पोरं दिली, पोटभर जेवू घातलं. तरी गाव कुठलं म्हटलं की तोंडून धाराशिवच निघतं आणि लगेच जीव चोरटा होतो. अजूनही तिथं जुनी माणसं अब्बांना चुगलखोर म्हणतात, असं परवा तुळजापूरला भेटलेल्या बाईनं सांगितलं. माझं घर म्हणशील तर ते तेवढंच गाव आहे, शालू, जिथं माझी चूक माझ्या बापाच्या नावावर चालते. मला तिथं राहायला यायचं नाही. तुझ्या दारात उभं राहून चार माणसांसमोर सांगायचंय, की तुझ्या वडिलांना मी तुरुंगात धाडलं. मग तू कडी लावलीस तरी चालेल.